पडवीतला जनरेटर आणि सकाळची डोकेदुखी

प्रश्न :
आमचं घर दापोली तालुक्यात, किनाऱ्याजवळच्या एका वाडीत आहे. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस लाइट नव्हती. तेव्हापासून घरात पेट्रोलवर चालणारा दोन केव्हीएचा छोटा जनरेटर आहे. सासऱ्यांना फुफ्फुसाचा जुना आजार. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन गोळा करून देणारं विजेवरचं यंत्र, लावायला सांगितला. मिनिटाला दोन लिटर, रात्रीची झोप धरून दिवसाचे पंधरा-सोळा तास.

गेल्या पावसाळ्यात एकदा लाइट रात्रभर गेली. जनरेटर भिजू नये म्हणून आम्ही तो मागच्या पडवीत ठेवला. झड आत येते म्हणून पडवीला ताडपत्री लावलेली होती. माजघराचं दार ओढून घेतलं, खिडकी वायरपुरती किलकिली ठेवली. सकाळी उठलो तर सगळ्यांचीच डोकी ठणकत होती. मुलीला दोनदा उलटी झाली. सासरे हाका मारल्या तरी नीट डोळे उघडत नव्हते. ऑक्सिमीटर लावला तर सगळ्यांचा आकडा 97-98. मग जागरण झालं, पित्त झालं, असं म्हणून सोडून दिलं. खळ्यात येऊन बसल्यावर हळूहळू बरं वाटलं.

आता मृग तोंडावर आला आहे. दीर म्हणतात, यंदा घरभर वायरींचा पसारा नको. त्यांनी दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर करून आणली आहे. एक टोक जनरेटरला, दुसरं पडवीतल्या सॉकेटला, की अख्ख्या घराला लाइट. मला पडवीचीही भीती वाटते आणि त्या वायरचीही. पण बोलले की ‘तुला यातलं काय कळतं’ असं ऐकावं लागतं. मी उगाच घाबरते आहे का?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर :
ताई, तुम्ही अजिबात उगाच घाबरत नाही आहात. पत्रात ज्या दोन गोष्टींनी तुमच्या पोटात गोळा आला, त्या दोन्हींनी माणसं जातात. पडवीतल्या जनरेटरने घरातली, आणि त्या वायरने बाहेरची. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो आहे. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः तुमच्या दिरांना, ते वाचून दाखवा.

आधी त्या रात्रीबद्दल. मी डॉक्टर नाही आणि इथे बसून कुणाचं निदान करणार नाही. पण घरातल्या सगळ्यांचं एकाच सकाळी डोकं दुखतं, लहान मुलाला उलट्या होतात, म्हातारं माणूस गुंगीत जातं आणि मोकळ्या हवेत आल्यावर सगळ्यांना उतार पडतो, हे चित्र पित्ताचं नसतं. पित्त एकेकाला होतं. रात्रभर जनरेटर चालू असलेल्या घरात हे चित्र दिसलं की पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडचा घ्यायचा.

पेट्रोल पूर्ण जळलं नाही की हा वायू तयार होतो, आणि छोट्या इंजिनात ते कधीच पूर्ण जळत नाही. हल्लीच्या गाडीच्या धुरावर प्रक्रिया करणारा भाग सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला असतो. साध्या पोर्टेबल जनरेटरला तो नसतो. अमेरिकेतली ग्राहकसुरक्षेची सरकारी संस्था, सीपीएससी, लोकांना सांगते की एक पोर्टेबल जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. आता तुमची ताडपत्री लावलेली पडवी डोळ्यांसमोर आणा.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, घशाला खवखव नाही. जनरेटरच्या धुराचा जो वास येतो तो दुसऱ्या घटकांचा. त्यामुळे ‘धूर दिसत नव्हता’, ‘वास फारसा आला नाही’ या बोलण्याला काही अर्थ नाही. तो हवेच्या जवळपास इतक्याच वजनाचा असतो. म्हणून खाली बसत नाही की वर कौलांतून निघूनही जात नाही, सगळ्या खोलीत सारखा मिसळतो. कौलारू घर आहे, वारा खेळता आहे, असं कोकणात सगळेच म्हणतात. उन्हाळ्यात ते खरंही असतं. पण पावसाळ्यात आपण स्वतःच झड अडवायला घर चहूबाजूंनी बंद करतो, आणि लाइट जाते ती नेमकी तेव्हाच.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा हा वायू दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. एकदा चिकटला की ऑक्सिजनला जागा उरत नाही. माणूस श्वास घेत असतो, छाती वर-खाली होत असते, पण मेंदूला आणि हृदयाला काही पोहोचत नाही. जागा माणूस निदान डोकं धरून बाहेर जाईल. झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. वृद्ध, हृदयाचे आणि फुफ्फुसाचे रुग्ण, लहान मुलं, गरोदर बाई आणि तिच्या पोटातलं बाळ यांना तो लवकर आणि जास्त बाधतो. तुमच्या घरात यातले निदान दोघे त्या रात्री झोपलेले होते.

आणि आता ऑक्सिमीटर. तुमच्या पत्रातली ही ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण कोविडनंतर हे यंत्र घराघरांत आहे आणि त्याच्या आकड्यावर आपला डोळे झाकून विश्वास बसला आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून सोडून रक्ताचा रंग वाचतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लाल प्रकाशात जवळजवळ ऑक्सिजन चिकटलेल्यासारखंच दिसतं. साध्या ऑक्सिमीटरला दोन्हींतला फरक कळत नाही. तो दोघांची बेरीज करून 97 दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. जनरेटर चालू असताना कुणाला बरं वाटेनासं झालं तर ऑक्सिमीटर हातात घेऊच नका. आकडा चांगला आला म्हणून थांबलात तर तीच सगळ्यात मोठी चूक ठरेल.

तशी वेळ पुन्हा आलीच तर पहिलं काम सगळ्यांना उचलून बाहेर नेणं. पाऊस असला तरी बाहेर, भिजलेलं चालेल. जनरेटर बंद करायला धुरात शिरू नका, आधी माणसं. मग 108 ला फोन. दवाखान्यात पोहोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला : ‘घरात जनरेटर चालू होता.’ हे सांगितलं नाही तर डॉक्टरही उलटी-डोकेदुखीचं साधं कारण शोधत बसतील. सांगितलं तर ते रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी करू शकतात आणि मास्कने शुद्ध ऑक्सिजन लावतात. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तेच काम तास-दीड तासात होतं.

गेल्या वर्षीच्या त्या रात्रीची तपासणी आता करून काही सापडणार नाही, तो वायू एक-दोन दिवसांत शरीरातून गेलेला असतो. तरी सासऱ्यांच्या पुढच्या भेटीत त्यांच्या डॉक्टरांना हा प्रसंग नक्की सांगा. त्यानंतर त्यांचं विसरणं वाढलं आहे, चालताना तोल जातो आहे, असं काही जाणवलं असेल तर तेही सांगा.

मग जनरेटर ठेवायचा कुठे? घरापासून निदान वीस फूट लांब, उघड्यावर, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. पडवी नाही, ओटी नाही, गोठा नाही, न्हाणीघराच्या मागचा बोळ नाही. खिडकी उघडी ठेवून, पंखा लावून, दार सताड उघडं टाकून पडवी सुरक्षित होत नाही. तुमच्याकडच्या घरांची रचना लक्षात घेऊन एक गोष्ट मुद्दाम सांगतो. डोंगरउतारावर टप्पे काढून बांधलेल्या घरांमागे बहुतेक वेळा चिऱ्याचा गडगा किंवा मातीची दरड असते, आणि भिंत व गडगा यांच्यात चार-सहा फुटांची खाच असते. ही जागा आडोशाची वाटते म्हणून लोक तिथे जनरेटर ठेवतात. वर उघडं आकाश असलं तरी तिथे धूर कोंडतो आणि मागच्या खिडकीतून आत येतो. तिथे ठेवू नका. गवताच्या उडवीपासून आणि लाकडांच्या ढिगापासूनही लांब ठेवा. गोठ्याजवळ ठेवलात तर गुरांनाही हाच धूर बाधतो.

पावसाचं काय, हा तुमच्या दिरांचा पुढचा प्रश्न असेल, आणि तो रास्त आहे. पावसात उघडा जनरेटर चालवला तर शॉक बसतो. त्यासाठी मृगाआधी आगरात, म्हणजे घरामागच्या बागेत, एक छोटी सोय करून घ्या. चार चिरे मांडून हातभर उंचीचा ओटा, चार खांब, वर पत्रा. चारही बाजू उघड्या. पत्रा यंत्रापेक्षा चहूबाजूंनी दोन-तीन फूट पुढे काढला की तिरपी झड यंत्रावर येत नाही. बाजूंना ताडपत्री बांधायचा मोह होईल, तो टाळा. वारं इतकं असेल की पत्र्याखालीही पाणी येतं आहे, तर तेवढा वेळ जनरेटर बंद. हात लावताना हात कोरडे आणि पायात रबरी चप्पल हवी.

तिथून घरापर्यंत तीन तारांची, 2.5 स्क्वेअर एमएमची, आयएसआय खुणेची सलग लवचीक वायर आणा. मध्ये जोड देऊन टेप गुंडाळलेली वायर ओल्या गवतातून नेऊ नका. खिडकीच्या फटीतून वायर घेतली की दोन नुकसानं होतात : वायर चेपते आणि फट उघडी राहून धुराला वाट मिळते. भिंतीला वरच्या बाजूला पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा, त्यातून वायर घ्या आणि उरलेलं भोक बुजवून टाका. एवढं सगळं करूनही झोपायच्या खोलीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. ऑनलाइन मिळतो. मागवताना नाव नीट वाचा, कारण धुराचा अलार्म वेगळा आणि गॅसगळतीचा वेगळा. त्या दोन्हींना हा वायू कळत नाही.

आता सासऱ्यांच्या रात्रीचा प्रश्न. जनरेटर तुम्ही हौसेने रात्रभर चालवत नव्हता, त्यांच्या श्वासासाठी चालवत होता. त्यामुळे ‘रात्री जनरेटर लावू नका’ एवढंच सांगून मी मोकळा होऊ शकत नाही. तरीही सांगतो की सगळे झोपलेले असताना तो चालू ठेवू नका. झोपेत लक्षणं कळत नाहीत, पेट्रोल संपलं तर कळत नाही, वाऱ्याची दिशा फिरली तर कळत नाही. रात्रीची सोय दुसरी करायची.

ती सोय म्हणजे ऑक्सिजनचा सिलिंडर. आपल्याकडे बी टाइप म्हणून जो मध्यम सिलिंडर मिळतो त्यात सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने हिशेब केला तर साडेबारा तास, म्हणजे एक रात्र निघते. डी टाइपच्या, म्हणजे जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे 7000 लिटर असतो, तो त्याच वेगाने सलग दोन दिवसांहून अधिक पुरतो. नुसत्या रात्रींना वापरलात तर चार-पाच रात्री. जून ते सप्टेंबर एक जम्बो सिलिंडर, रेग्युलेटर आणि सासऱ्यांच्या नळीला बसणारं जोडणीचं सामान घरात भरून ठेवा. रेग्युलेटर कसा लावायचा हे घरातल्या दोघांना तरी आत्ताच, दिवसाउजेडी शिकवून घ्या. वादळाच्या रात्री टॉर्च तोंडात धरून ते शिकायची वेळ येऊ नये. सिलिंडर उभा ठेवून भिंतीला साखळीने बांधा आणि त्याच्या जवळपास समई, विडी, चूल, मेणबत्ती काही नको. किती लिटरवर ठेवायचा हे डॉक्टरांनाच विचारा, मनाने वाढवू नका.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची मदत होते, पण ती किती ते ओळखून असा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॉट खातो. 150 एएचची चांगली बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी त्यावर तो तीन-साडेतीन तास चालेल, तोही पंखे-दिवे बंद ठेवून. तेवढ्यात कुणीतरी उठून सिलिंडर जोडू शकतं. म्हणून इन्व्हर्टर घेतलात तर तो या मधल्या वेळेसाठी समजा. दिवसा जनरेटर चालू असताना इन्व्हर्टर चार्ज करून घेता येतो. मात्र बऱ्याच इन्व्हर्टरांवर यूपीएस आणि नॉर्मल असे दोन मोड असतात आणि यूपीएस मोडवर तो जनरेटरची वर-खाली होणारी वीज घेतच नाही. नॉर्मलवर टाकला की घेतो. कॉन्सन्ट्रेटर तुमच्या जनरेटरवर चालवायला हरकत नाही ना, हे तो ज्यांनी दिला त्यांना एकदा विचारा. साध्या जनरेटरच्या विजेवर काही यंत्रं कुरकुरतात.

आणखी एक. महावितरणच्या तुमच्या शाखा कार्यालयात जाऊन, घरात ऑक्सिजनवरचा रुग्ण आहे, असं लेखी देऊन ठेवा. त्याने लाइट जायची थांबणार नाही, पण तुमच्या भागातल्या वायरमनला माहीत असलेलं बरं. तक्रारीसाठी 1912 हा नंबर आहेच.

आता दुसरी गोष्ट, ती दोन्हीकडे पिना असलेली वायर. ताई, ही वायर घरात एक दिवसही ठेवू नका.

सॉकेटचं काम वीज देणं. पिना कायम घेणाऱ्याच्या बाजूला असतात, म्हणूनच उघड्या असूनही त्यांना हात लागला तरी काही होत नाही. या वायरने तो नियम मोडला. जनरेटर चालू आहे आणि भिंतीतलं टोक कुणी ओढलं, पाय अडकून निघालं, तर त्या उघड्या पितळी पिनांवर 230 व्होल्ट असतात. ओली पडवी, अंधार आणि घरात लहान मूल. एवढं कारणही पुरे आहे.

पण याहून मोठं कारण घराबाहेर, खांबावर आहे. सॉकेटमधून आत सोडलेली वीज घरात थांबत नाही. मेन स्विच चालू राहिला असेल तर ती मीटरमधून उलटी सर्व्हिस वायरवर जाते, तिथून खांबावर आणि पुढे डीपीवर. डीपीतला ट्रान्सफॉर्मर नेहमी 11,000 व्होल्टची वीज उतरवून घरात देतो. उलट्या बाजूने वीज आली की तोच ती चढवून 11,000 व्होल्टच्या लाइनवर सोडतो. वरच्या लाइनवर बंद पुरवठा घेऊन काम करणाऱ्या जनमित्राला, म्हणजे महावितरणच्या वायरमनला, वाटतं लाइन मेलेली आहे. तो तपासतो, लाइन अर्थला जोडणारा डिस्चार्ज रॉड लावतो, हे सगळं खरं. पण वादळानंतरच्या दिवसांत ही माणसं चिखलात, तुटलेल्या माडांवरून चढून, दिवस-रात्र एक करून आपल्याला लाइट देत असतात. निसर्गच्या वेळी दापोली-मंडणगडात, श्रीवर्धनला तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलं असेल. कुठल्या घरातून कुणी उलटी वीज सोडली आहे, याची काळजी त्यांच्या वाट्याला का यावी?

‘एवढासा जनरेटर, तो काय गावाला वीज देणार, शेजाऱ्यांच्या लोडने लगेच बसेल,’ असं या वायरच्या बाजूने नेहमी बोललं जातं. एरवी बसेलही. पण वादळात तुमच्या घराच्या पुढच्याच खांबाशी तार तुटलेली असली, तर शेजाऱ्यांचा लोड लागतच नाही. जनरेटर आरामात चालत राहतो आणि त्याची सगळी वीज त्या तुटून खाली पडलेल्या तारेत बसून असते. ती उचलून बाजूला करायला वायरमन येईल, नाहीतर शेजारचा एखादा मुलगा जाईल. माणूस मरायला 11,000 व्होल्ट लागत नाहीत, 230 पुरतात.

‘आम्ही मेन स्विच आठवणीने बंद करतो’ हे दुसरं उत्तर. मध्यरात्री, घाईत, म्हाताऱ्या माणसाचा श्वास अडकलेला असताना ती आठवण दर वेळी राहीलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. शिवाय जुन्या घरांत मेनला फक्त फेजच तुटतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. आणि मेन चालू राहिला असताना महावितरणची लाइट आली, तर दोन्हीकडची वीज एकमेकांवर आदळून जनरेटर जळतो, कधी आगही लागते.

यावरचा योग्य उपाय जुना आणि सोपा आहे. मीटरच्या पुढे, मेन बोर्डाशी चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्याच्या दांड्याला तीन जागा असतात : वर महावितरण, मध्ये बंद, खाली जनरेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा घ्यायचा. दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, त्यामुळे चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. एक, कॉन्सन्ट्रेटरचं सॉकेट, फ्रिज, दोन पंखे आणि चार दिवे यांचा वेगळा छोटा बोर्ड करून फक्त तोच जनरेटरवर घ्यायचा. दुसरं, जनरेटरचं अर्थिंग आणि त्याच्या न्यूट्रलची जोडणी तपासायची. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा अर्थला जोडलेला नसतो, आणि मग घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असूनही शॉक लागताना तो पडत नाही.

चेंजओव्हर होईपर्यंत घराच्या वायरिंगला जनरेटर जोडूच नका. जनरेटरच्या स्वतःच्या सॉकेटमधून एक्स्टेंशन घ्या आणि त्याच्या बोर्डावर कॉन्सन्ट्रेटर, फ्रिज थेट लावा. दिरांना ज्याचा कंटाळा आहे तो पसारा हाच. चार दिवस सहन करावा लागेल.

लोडचं थोडक्यात सांगतो. दोन केव्हीएच्या जनरेटरवर सतत 1500-1600 वॉटच्या वर जाऊ नका. कॉन्सन्ट्रेटर, फ्रिज, पंखे, एलईडी दिवे, मोबाइल हे सगळं मिळून त्यात आरामात बसतं. गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांचं नाव काढू नका. विहिरीवरचा पंप मात्र फसवतो. एक एचपी म्हणजे 746 वॉट असं पाहून वाटतं सहज चालेल, पण सुरू होताना तो त्याच्या पाच-सहापट ओढतो. तुमचा पंप अर्धा एचपीचा असेल तर कदाचित उचलेल. तेव्हाही बाकी सगळं बंद करून आधी टाकी भरा आणि मग कॉन्सन्ट्रेटर लावा, कारण पंप सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं आणि ते त्या यंत्राला सोसत नाही. पेट्रोलवरचा पंपही बऱ्याच जणांकडे असतो. तो विहिरीत उतरवून कधीही चालवू नका. विहीर म्हणजे याच वायूने भरायला बांधलेला हौद, आणि बेशुद्ध पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा माणूसही परत येत नाही.

पेट्रोल चालू किंवा गरम इंजिनात भरू नका. बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि तापलेल्या सायलेन्सरशी किंवा लांबच्या चुलीशी जाऊन पेट घेते. अंधारात भरावं लागलं तर टॉर्च, कंदील नाही. घरात विनापरवाना जास्तीत जास्त 30 लिटर पेट्रोल ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि तेलाचे रिकामे डबे बाद. कॅन माळ्यावर किंवा देवघराशेजारी न ठेवता बाहेरच्या कुलूपबंद खोपीत ठेवा. गेल्या पावसाळ्याचं पेट्रोल टाकीत तसंच असेल तर ते काढून नवं भरा, ऑइल बघा आणि महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं लोड देऊन चालवा. वादळाच्या संध्याकाळी सुरू न होणारे जनरेटर बहुतेक याच एका दुर्लक्षाचे बळी असतात.

राहिला प्रश्न घरात बोलण्याचा. ‘तुला यातलं काय कळतं’ याला वाद घालून उत्तर देऊ नका. त्या रात्री मुलीच्या उलट्या तुम्ही पाहिल्यात, सासऱ्यांना हाका तुम्ही मारल्यात, आणि काहीतरी चुकतंय हे सगळ्यांत आधी तुम्हालाच वाटलं. ते तुम्हाला बरोबर कळलं होतं. दिरांशी बोलताना त्यांची काळजी आधी मान्य करा. बाबांना ऑक्सिजन कमी पडू नये आणि घरात अंधार नसावा, एवढ्यासाठीच ते खटपट करत आहेत. फक्त म्हणा, ‘भावोजी, बाबांसाठी आपण हे सगळं करतोय ना, मग त्या धुरात सगळ्यांत आधी बाबांनाच त्रास होईल हे एकदा वाचा.’ आणि वायरमनचा विषय काढा. वाडीत येणारा जनमित्र त्यांच्या ओळखीचा असणारच. त्याला एकदा चहाला बोलावून ती वायर दाखवा. तो जे बोलेल ते तुमच्या-माझ्या बोलण्यापेक्षा लवकर पटेल.

दिरांनी खर्चून आणलेली वायर फुकट जाऊ नये असं वाटत असेल तर तिचा उपयोग आहे. तीन तारांची आणि 2.5 ची आहे का ते पाहा. असेल तर एका टोकाची पिन कापून टाका आणि तिथे तीन सॉकेटचा चांगला बोर्ड बसवा. जनरेटरच्या बाजूला पिन, घराच्या बाजूला सॉकेट. चेंजओव्हर बसेपर्यंत कॉन्सन्ट्रेटरसाठी हीच वायर चालेल, आणि ती भावोजींनाच करायला सांगा.